बकरीच्या डॉक्टरला कळलं, ते पोरीच्या डॉक्टरपर्यंत का पोचत नाही?

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि
मा. जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी, दोघांनाही एकत्रच.

स.न.वि.वि.

साहेब, तुम्हा दोघांना एकाच पत्रात लिहितेय, कारण वेगवेगळं लिहून झालं. शेळीचा आजार माझ्या लेकीच्या बोटाला लागला आणि माणसांच्या डॉक्टरांनी तो वेळेत ओळखला नाही, म्हणून जूनमध्ये मी दोन अर्ज दिले होते. मजकूर एकच, फक्त वरचं नाव वेगळं. ऑगस्टमध्ये एकाच आठवड्यात दोन्हीची उत्तरं आली. आरोग्याकडून आलेल्या कागदावर होतं, ‘सदर बाब पशुसंवर्धन विभागाशी संबंधित असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ पशुसंवर्धनच्या कागदावर होतं, ‘सदर बाब मानवी आरोग्याशी संबंधित असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ शिक्का वेगळा, सही वेगळी, बाकी सगळं तेच. तुमच्या दोघांच्या कचेऱ्या एकाच इमारतीत आहेत, मधे फक्त एक जिना. त्या जिन्यावर माझ्या लेकीचं बोट अडकलंय.

जिल्ह्या-तालुक्याचं नाव मुद्दाम घालत नाही. माण घ्या, जत घ्या, सांगोला घ्या, आटपाडी घ्या, जिथं शेळ्या-मेंढ्यांवर घर चालतं तिथं कुठंही हे असंच झालं असतं. ज्यांच्या हातून चुका झाल्या त्यांचीही नावं नाहीत. मला कुणाची चौकशी लावायची नाही.

मी पशुसखी आहे. आमचं गाव आणि दोन वाड्या मिळून ६२ घरांच्या शेळ्या मी बघते. जंताचं औषध पाजते, पीपीआर म्हणजे शेळ्यांच्या प्लेगच्या आणि आंत्रविषाराच्या लसीकरणाला हाताशी असते, कुणाची शेळी अडली तर रात्री-अपरात्री जाते. बारावीपर्यंत शिकलेय. माझ्याकडच्या शेळ्यांना काय झालंय हे मला लांबून चालीवरून कळतं, असं गावातले लोक म्हणतात. म्हणूनच पुढचं लिहायला मला जड जातंय.

जानेवारी २०२५, पौष महिना. आमची एक उस्मानाबादी शेळी विऊन तीन आठवडे झाले होते. तिच्या दोन करडांतल्या धाकटीला मावा झाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: मावा म्हटलं की कुणाला कपाशीवरची कीड आठवते, कुणाला खवा, कुणाला टपरीवरची पुडी. आमचा मावा निराळा. शेळ्या-मेंढ्यांच्या ओठांवर, नाकपुडीच्या कडेला, कधी हिरड्यांवर आधी लाल पुरळ येतो, मग फोड येतात, मग त्यावर तपकिरी-काळ्या खपल्यांचा जाड थर चढतो, फ्लॉवरचा तुरा उलटा चिकटवावा तसा. मोठी जनावरं तीन-चार आठवड्यांत बरी होतात. लहान करडांचं अवघड, कारण तोंड दुखतं म्हणून ती आचळाला लागत नाहीत आणि उपाशी राहून मरतात. पिणाऱ्या करडाकडून आईच्या सडालाही येतं, मग तीही पाजू देत नाही.

माझी लेक आठ वर्षांची, तिसरीत. त्या करडाचं नाव तिनं बुटकी ठेवलेलं. रोज शाळेच्या आधी आम्ही दोघी गोठ्यात बसायचो. मी पोटॅशियमच्या गुलाबी पाण्यानं बुटकीचं तोंड धुवायचे, लेक बोरोग्लिसरीन लावायची. उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं. मग बाटलीनं दूध पाजायचं. बाटली तोंडात धरेना, तर आधी बोट चोखायला द्यायचं आणि करडू चोखायला लागलं की हळूच बोटाच्या जागी बूच सरकवायचं. ही युक्ती मीच तिला शिकवली. दोन दिवसांपूर्वी त्याच बोटात बाभळीचा काटा मोडलेला होता, तोही मीच सुईनं काढलेला.

पाचव्या दिवशी मधल्या पेरावर मसुराएवढी लाल गाठ आली. आठवड्यानं ती वाटाण्याहून मोठी झाली आणि तिच्यावर कडी उमटली. मध्ये लाल, भोवती पांढरट, त्याच्या बाहेर परत लाल. कॅरमच्या मधोमध राणी ठेवतात, तो गोल जसा दिसतो अगदी तसं. साहेब, हे चित्र लक्षात ठेवा, त्यावर मी परत येणार आहे.

पहिल्या डॉक्टरांनी गळू म्हणून पाच दिवसांचं ॲन्टिबायोटिक दिलं. गाठ वाढतच गेली, वरून पाणी सुटायला लागलं. दुसरे म्हणाले, आत पिकलंय, चिरा देऊन मोकळं करू. तिच्या बापानं खांदे धरले, मी हात धरला. पू निघालाच नाही. रक्त आलं आणि थोडंसं पाणी. डॉक्टर म्हणाले, खोल असेल, आणि अजून थोडं आत गेले. चौथ्या दिवशी बोट वांग्यासारखं झालं, ताप आला, काखेत अवधाण आलं. तिथून तालुक्याच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात. तिथं बोटावरची काळी खपली बघून काळपुळीची शंका घेतली, म्हणजे ज्याला आपण जनावरात फाशी म्हणतो तो अँथ्रॅक्स. तीन दिवस ॲडमिट. ‘वेळ आली तर बोटाचं पेर काढावं लागेल, मनाची तयारी ठेवा,’ असं लेकीच्या देखतच सांगितलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा धीर करून विचारलं, ‘डॉक्टर, हा मावा असेल का?’

ते चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘घरात कोण खातं मावा?’

मला तिथं हसू आलं असतं, पण पोरीचं पेर जायची गोष्ट चाललेली. मी पुढं काही बोलले नाही. शेळीचा आजार पोरीला कुठं होतोय, असं मलाच आतून वाटत होतं. मला कुणी तसं सांगितलेलंच नव्हतं.

घरी आणल्यावर दोन दिवसांनी पीपीआरच्या लसीकरणाला पशुधन पर्यवेक्षक आले. मी पट्टी बदलत होते. ते लसीची पेटी खाली ठेवून वाकले आणि म्हणाले, ‘ताई, हिला मावा लागलाय की. मेंढक्यांच्या हाताला बघितलाय मी असला. आणि हे चिरलं कुणी?’

जेमतेम अर्धा मिनिट.

दुसऱ्या दिवशी एसटीनं दोन तास करून सरकारी मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात गेलो. तिथल्या मॅडमनी बोट बघायच्या आधी विचारलं, घरी शेळ्या-मेंढ्या आहेत का, त्यांच्यात कुणाचं तोंड आलंय का, पोरगी त्यांना हात लावते का. मी तिन्हीला हो म्हटल्यावर मोबाइलमधले आधीचे फोटो मागितले. सुदैवानं कड्यांचा फोटो माझ्या जाऊबाईनं काढून ठेवला होता. मॅडम म्हणाल्या, ‘हा ऑर्फ. तुमचा मावाच. विषाणूचा आजार आहे, ॲन्टिबायोटिकनं जात नाही, आपला आपण जातो. चिरायचा नसतो. आता चिरल्यामुळे जे पिकलंय तेवढ्यापुरतं औषध पुरं करा, झाकून ठेवा, आणि वाट बघा.’

वाट बघितली. पाण्याचा भाग सुकला, वर बारीक बारीक दाणे उठले, मग सगळं बसत गेलं. गाठ आल्यापासून सातव्या आठवड्यात खपली पडली. जिथं मावा होता तिथं आज काही नाही. जिथं चिरा दिला तिथं पांढरा वण आहे, आणि बोट पुरतं मिटत नाही. पेन्सिल ती आता मधल्या बोटात धरते.

खर्च ११,४०० रुपये. पाडव्यासाठी राखलेले दोन बोकड त्यात गेले. ही रक्कम मी मागत नाहीये, पण आकडा कुठंतरी लिहिलेला असावा.

आता माझ्या तक्रारी. पहिली पशुसंवर्धन खात्याशी, कारण मी त्यांचीच.

साहेब, तुमच्या प्रशिक्षणात मावा आम्हाला नीट शिकवला. खपल्या ओढून काढू नका, आजारी करडू वेगळं बांधा, खपल्या गोठ्यात पडू देऊ नका कारण कोरड्या खपलीत हा विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो, सगळं शिकवलं. हा माणसाला लागतो हे एक वाक्य राहिलं. ‘हातमोजे वापरावेत’ असं पुस्तिकेत आहे, पण ते मी जनावराच्या काळजीनं वाचलं. मला वाटलं माझ्या हाताची घाण करडाच्या जखमेत जाऊ नये म्हणून. आणि हातमोजे कुठले, तर प्रशिक्षणाच्या दिवशी फोटो काढताना एक जोडी मिळाली होती, तीच.

त्यात २०२२ साली लम्पी आला. तेव्हा गावोगाव रिक्षा फिरली, भिंती रंगल्या, की हा रोग जनावरांपासून माणसांना होत नाही, घाबरू नका. ते बरोबरच होतं. लम्पीचा विषाणू माणसाला लागत नाही. पण लोकांच्या डोक्यात त्यातला ‘लम्पी’ राहिला नाही, ‘जनावराचं कातडीचं दुखणं माणसाला लागत नाही’ एवढंच राहिलं. माझ्याही डोक्यात तेच होतं. भिंतीवर एक वाक्य लिहिलंत, त्याच्या शेजारी दुसरं लिहायला पाहिजे होतं: मावा मात्र लागतो.

दुसरी तक्रार आरोग्य खात्याशी. तीन दवाखान्यांत एकानंही विचारलं नाही की घरी जनावरं आहेत का. केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकाना असतो. माझ्या नवऱ्याच्या पेपरवर तिथं शेती लिहितात. पोरीच्या पेपरवर ‘विद्यार्थी’. ही विद्यार्थी सकाळी सहाला गोठा झाडते, करडांना पाजते, सुट्टीच्या दिवशी आजोबांबरोबर राखणीला जाते. वर्षभरात तिचा हात शेळीच्या तोंडाला जितक्या वेळा लागतो तितका माझ्या नवऱ्याचाही लागत नाही. आमच्याकडं आजारी करडू सांभाळणं हे पोरांचं काम असतं. पोरांच्या कपाळावर विद्यार्थी असं लिहिलं की डॉक्टर शेळीचं विचारणारच नाहीत.

राज्यात २०१९ च्या पशुगणनेत एक कोटीच्या वर शेळ्या आणि पंचवीस लाखांच्या वर मेंढ्या मोजल्या गेल्या. हा प्रश्न विचारायला एवढं कारण पुरेसं नाही का?

इथं मी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर उद्या कुणी प्रत्येक गाठीला मावा म्हणून घरात बसेल आणि त्याचं पाप मला लागेल. काळपुळीची शंका घेणारे डॉक्टर वेडे नव्हते. शेळ्या-मेंढ्यांच्या घरात हाताला काळी खपली दिसली तर ती शंका घ्यायलाच पाहिजे, कारण अँथ्रॅक्समध्ये उशीर जिवावर बेततो आणि त्याला ॲन्टिबायोटिकच लागतं. पण दोन्हीत फरक करायला मदत करणारे प्रश्न साधे आहेत. काळपुळी बहुतेक मेलेल्या जनावराशी संबंध आल्यावर येते, कातडं सोलताना, मटण करताना, मढं ओढताना. ती सहसा दुखत नाही, भोवती सूज मात्र फार असते. मावा लागतो तो जिवंत, तोंड आलेल्या करडाकडून, आणि मधल्या आठवड्यात तो कॅरमचा गोल दाखवून जातो. आमच्या घरी मेलेलं जनावर नव्हतं, तोंड आलेलं करडू होतं. हे विचारलं असतं तर पेर कापायची गोष्ट पोरीच्या कानावर पडली नसती. ती अजून झोपेत मुठी आवळते.

आणि मावा एकटाच नाही. दूध काढणाऱ्यांच्या हाताला गाईच्या सडावरून तशाच गाठी येतात, तो माव्याच्या विषाणूचाच भाऊबंद. म्हशींच्या देवीचा विषाणू निराळा, तो खऱ्या देवीच्या जवळचा. २००९ साली सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींची देवी माणसांना लागली होती, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केलेला आहे. म्हणजे माहिती राज्यातच आहे. ती पुण्याहून आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत यायला एसटीला लागतो त्याहून जास्त वेळ लागतोय एवढंच.

तिसरी गोष्ट शाळेतल्या तपासणीची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरला सुरू झाला, याचा मला अभिमान वाटायचा. वर्षातून एकदा पथक शाळेत येतं, अंगणवाडीत दोनदा. पथकात दोन डॉक्टर असतात, एक बाई, एक पुरुष. चांगली माणसं आहेत, आमच्या वाडीवरच्या एका मुलाचं हृदयाचं छिद्र त्यांनीच ओळखलं. पण त्यांच्या यादीत ज्या ३० गोष्टी आहेत त्यांत कातडीच्या नावानं खरूज, बुरशी आणि इसब. विषाणूच्या गाठींना घरच नाही. फेब्रुवारीत पथक आलं तेव्हा लेकीच्या बोटाला पट्टी होती. त्यांनी पट्टी बघितली, ‘लागलंय का बाळा?’ म्हणाले, ती हो म्हणाली. झालं.

त्या दिवशी मी मुद्दाम ओळीतली बाकीची पोरं बघितली. एकाच्या मानेवर साबुदाण्याएवढे दाणे, गुळगुळीत, मोत्यासारखे, आणि प्रत्येकाच्या मधोमध बारीक खळी. पुढं त्या त्वचारोगाच्या मॅडमना फोटो दाखवला तर त्या म्हणाल्या, हे मोलस्कम. हाही विषाणूच, हा माणसाकडूनच माणसाला लागतो, टॉवेल वाटून घेतल्यानं, खाजवल्यानं पसरतो, आणि वर्षभरात, कधी त्याहून थोडा जास्त वेळ घेऊन, आपोआप जातो. त्या मुलाच्या आजीनं त्यातल्या चार दाण्यांवर चुना आणि सोडा लावला होता. दाणे गेले, जागी खड्डे राहिले. पाचवीतल्या एका मुलीच्या कोपरावर साध्या चामखिळी होत्या, त्यावर बिब्बा घातला होता. बिब्ब्यानं कातडी कशी जळते हे मराठी माणसाला सांगायला नको. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधणारे तर प्रत्येक बाजारात भेटतात.

मी म्हाताऱ्यांना दोष देत नाही. डॉक्टर विचारत नाहीत, पथकाच्या यादीत नाही, तर बाई चुन्याच्या डबीकडे हात नेणारच. आणि ती सात-आठ महिने वाट बघायला तयार होईल, जर कुणी पांढऱ्या कोटातला माणूस तिला शांतपणे सांगेल की हे जातं, फक्त खाजवू देऊ नका. आमच्याकडं ‘काही करू नका’ हा सल्ला कुणी देतच नाही. त्याचे पैसे कोण देणार, असं डॉक्टरला वाटत असावं. मी देईन. मला त्या मॅडमच्या ‘वाट बघा’चे पैसे द्यायला आवडले असते, पण सरकारी दवाखाना होता, केसपेपरची चिठ्ठी तेवढी.

चौथी गोष्ट शाळेची. १४ ऑगस्ट २०२४ ला जागतिक आरोग्य संघटनेनं एमपॉक्सची, म्हणजे मंकीपॉक्सची, आणीबाणी जाहीर केली, तेव्हापासून शिक्षकांच्या ग्रुपवर फोडांचे फोटो फिरत होते. लेकीच्या बोटावरचा फोड दिसल्यावर सरांनी तिला दाराशीच थांबवलं. ‘डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, की हे मंकीपॉक्स नाही.’ कुठला डॉक्टर देणार? ज्यांना हे काय आहे हे माहीत नाही, ते हे काय नाही हे कसं लिहून देतील? वाडीवर तर देवी आल्या असं सुरू झालं, दोन बायका लिंबाचा डहाळा घेऊन आल्या. त्यांचा जीव होता पोरीवर, मी दारात लावून घेतला. देवी १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं, हे मला माहीत होतं, पण पाच आठवडे शाळेबाहेर ठेवलेल्या पोरीला ते सांगून काय उपयोग. तिची मैत्रीण खिडकीतून वही द्यायची आणि हात मागं घ्यायची.

मावा माणसाकडून माणसाला सहसा जात नाही. पट्टी बांधून ती पहिल्या दिवसापासून वर्गात बसू शकत होती. मोलस्कमचं आणि चामखिळीचं पोरही झाकून, आपला टॉवेल आपल्याजवळ ठेवून शाळेत बसू शकतं. हे एका कागदावर मावतं. तो कागद मुख्याध्यापकांकडे नाही.

पाचवी, आणि ही मला सगळ्यात जास्त टोचते. पर्यवेक्षकांना माहीत होतं. ते वर्षानुवर्षं मेंढक्यांच्या हाताला हे बघत आलेत. मी त्यांना विचारलं, तुम्ही कधी आरोग्य केंद्रात सांगितलं का? ते म्हणाले, ‘ताई, आम्ही गुरांचे. आम्ही माणसांच्या डॉक्टरला काय सांगणार? ते म्हणतील, तुम्ही बैलं बघा.’ एका गावात दोन दवाखाने, मध्ये फक्त मारुतीचं देऊळ. आमच्या करडाला मावा आहे हे एका दवाखान्याच्या रजिस्टरला लिहिलेलं होतं, तारखेसकट, माझ्याच हातचं. दुसऱ्या दवाखान्यातला डॉक्टर त्याच आठवड्यात पोरीच्या बोटाकडे बघून विचारात पडला होता.

आता मागण्या. जूनच्या अर्जात होत्या त्याच आहेत, थोड्या नीट लिहिल्यात.

पशुवैद्यकीय दवाखान्यात एखाद्या गावातल्या माव्याची नोंद झाली की त्याच दिवशी त्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन जावा. नुसता फोन. आणि उलटही, आरोग्य केंद्रात असं बोट आलं की पशुवैद्यकीय दवाखान्याला कळावं, म्हणजे ते गोठा बघतील.

केसपेपरवर, निदान लहान मुलांच्या, एक ओळ छापावी: घरी कोणती जनावरं आहेत, त्यांतलं कुठलं आजारी आहे किंवा मेलं आहे. छापायला उशीर असेल तर रबरी शिक्का करा, मी वर्गणी काढून देते.

ज्या घरात जनावरं आहेत तिथल्या मुलाच्या हातावर किंवा तोंडावर अशी गाठ आली, तर ती चिरण्याआधी त्वचारोग तज्ज्ञाला फोटो दाखवावा, अशी सूचना तुमच्या डॉक्टरांना जावी. ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन सल्ल्याची सोय त्यासाठीच आहे ना? डॉक्टर तिथून डॉक्टरला विचारू शकतात. शंका राहिली तर खपलीचा नमुना मेडिकल कॉलेजकडे पाठवायची सोय हवी, आणि नमुना न्यायला पेशंटलाच एसटीत बसवू नये.

एक तक्ता हवा, दोन्ही खात्यांच्या सहीचा. डाव्या बाजूला करडाचं तोंड, उजव्या बाजूला माणसाचं बोट, आठवड्यागणिक बदलत जाणारं. खाली मोलस्कम आणि चामखीळ. शेवटी काळपुळी, लाल चौकटीत, ‘ताबडतोब दवाखान्यात जा’ असं लिहून. मराठीत, आणि त्यात ‘मावा’ हा शब्द असू द्या. नुसतं ऑर्फ लिहिलंत तर आमच्या लेखी ते औषधाचं नाव होईल. फोटो माझ्या लेकीच्या बोटाचे वापरा. तिला विचारलंय, ती हो म्हणाली, फक्त नाव घालू नका म्हणाली.

शाळांना एक पत्र, की कुठल्या पोराला घरी बसवायचं आणि कुठल्याला नाही. शाळेतल्या तपासणीच्या पथकालाही तो तक्ता द्या. त्यांची यादी दिल्लीहून येते हे मला माहीत आहे, पण डोळे तर इथलेच आहेत.

पशुसख्यांना हातमोजे. दर महिन्याला, मोजून, सही घेऊन द्या. आमच्यात बहुतेक जणींच्या हाताखाली घरचंच एखादं पोर असतं, तेव्हा लहान मापाचेही द्या. पोरांना आजारी करडाजवळ जाऊच देऊ नका, असं प्रशिक्षणात सांगाल, सांगा. पण साहेब, पोरं जाणार. करडू ओरडतं तेव्हा सगळ्यात आधी पोरच पोचतं.

आणि शेवटची: ती दोन उत्तरं मागं घ्या. त्याऐवजी एकच उत्तर द्या, दोघांच्या सहीचं, मग ते नकाराचं असलं तरी चालेल.

दिवाळीनंतर आमच्याकडं शेळ्या विऊ लागतील. कोवळी करडं गोठ्यात आली की गेल्या वर्षीच्या खपल्या तिथं असणारच. मी गोठा खरवडून, चुना मारून घेतलाय, ६२ पैकी ४० घरांत तेच करून आलेय. बाकीची २२ घरं या आठवड्यात. तुमचं उत्तर त्याआधी आलं तर मी ते दारोदार दाखवत जाईन. नाही आलं तर लेकीचं बोट दाखवते, आत्तापर्यंत तेच दाखवतेय.

बुटकी जगली. आता गाभण आहे.

आपली विश्वासू,
एक पशुसखी